ज्या भाषेत दुकान, त्या भाषेत कान

फेसबुकवर कुणीतरी बर्मी भाषेत लिहिलं होतं : म्यानमारमध्ये दिसेल तो ‘कलार’ ठार मारा, एकही जिवंत ठेवू नका. खाली भाषांतराची सोय होती. फेसबुकच्या यंत्राने त्याचं इंग्रजी करून दाखवलं. ते मराठीत आणलं तर साधारण असं होईल : ‘माझ्याकडे म्यानमारमध्ये इंद्रधनुष्य असायला नको.’

रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये हे छापलं. तोवर म्यानमारमधल्या रोहिंग्या या मुसलमान अल्पसंख्य समाजाची सात लाखांहून जास्त माणसं लष्करी कारवाईमुळे देश सोडून बांगलादेशात, कॉक्स बझारच्या छावण्यांत येऊन पडली होती. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने छावण्यांत पाहणी केली. तिच्या हिशेबाने २५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या एका महिन्यात किमान ६,७०० माणसं मारली गेली, त्यांत पाच वर्षांखालची मुलंच ७३० होती.

भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा. चुकलेल्या भाषांतरांवर आम्ही मंडळी हसतो. महामार्गावरच्या पाट्या, औषधांच्या वेष्टनावरच्या सूचना, हॉटेलांची मेनूकार्डं, सगळ्यांचे फोटो आमच्या ग्रुपवर फिरत असतात. इंद्रधनुष्याचं हे वाक्य मात्र मी कुणालाच पाठवलं नाही. ज्या कंपनीच्या यंत्राला ते वाचता आलं नाही, तीच कंपनी ते कुणाकुणाच्या मोबाइलवर, कितव्या क्रमांकावर दिसावं हे ठरवत होती.

समाजमाध्यमांची जबाबदारी हा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य हवं की नको’ या फाट्यावर वळते. मला त्या फाट्यावर जायचं नाही. माझं म्हणणं त्याहून साधं, दुकानदारीच्या पातळीवरचं आहे. ज्या भाषेत तुम्ही धंदा करता, ती भाषा तुम्हाला ऐकू आली पाहिजे. ती न शिकता तुम्ही बाजार मांडलात, गर्दी जमवलीत, गर्दीला भोंगा दिलात, आणि पुढे आग लागली, तर ‘आम्हाला काय बोलले ते कळलंच नाही’ हा बचाव होत नाही. तो कबुलीजबाब होतो.

म्यानमारचं उदाहरण घ्यायचं कारण तिथे हे सगळं फार थोड्या वर्षांत, उघड्यावर घडलं. लष्करी राजवटीत तिथे सिमकार्ड ही श्रीमंतांची चैन होती. एके काळी त्याला हजारांवर डॉलर मोजावे लागत. २०१४ मध्ये टेलिनॉर आणि ऊरेडू या परदेशी कंपन्या आल्या आणि तेच सिम दीड डॉलरला मिळू लागलं. जुने संगणक नाहीत, ईमेलची सवय नाही, शोधयंत्रांची ओळख नाही, असा एक अख्खा देश थेट मोबाइलवर आला, आणि मोबाइलच्या दुकानदाराने फोनसोबत फेसबुकचं खातंही उघडून दिलं. २०१८ पर्यंत साडेपाच कोटींच्या आतबाहेर वस्तीच्या या देशात फेसबुक वापरणारे दोन कोटींच्या घरात गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तथ्यशोधन समितीने नोंदवलं की बहुतेकांच्या लेखी फेसबुक म्हणजेच इंटरनेट होतं. २०१६ मध्ये कंपनीने तिथे ‘फ्री बेसिक्स’ही आणलं, म्हणजे फेसबुकसह निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणारी सेवा. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या ट्राय या दूरसंचार नियामकाने तो प्रकार भारतात अडवला होता. तेव्हा ‘फुकटचं इंटरनेट गरिबांना का नाकारता’ म्हणून हळहळणाऱ्यांत मीही होतो, हे सांगून टाकलेलं बरं.

आता तो शब्द. ‘कलार’ हा बर्मी भाषेत भारतीय उपखंडातून आलेल्या माणसासाठी जुन्या काळापासून वापरला जाणारा शब्द. पुढे तो सावळ्या कातडीच्या आणि विशेषतः मुसलमान माणसासाठी शिवी म्हणून रुळला. पण हरभऱ्याच्या नावातही तो आहे, खुर्चीच्या नावात आहे, उंटाच्याही आहे. आपल्याकडे जशी विलायती चिंच, तसाच काहीसा प्रकार असावा. २०१७ मध्ये ओरड वाढल्यावर फेसबुकने हा शब्द सरसकट काढायला सुरुवात केली. परिणाम काय? डाळीबद्दल लिहिणाऱ्यांच्या आणि ‘हा शब्द वापरू नका’ असं सांगणाऱ्यांच्या पोस्टी उडाल्या. शिवी देणारे दुसऱ्या शब्दांकडे वळले. भाषा न येणाऱ्या माणसाच्या हाती शब्दांची यादी दिली की तो हेच करणार. रखवालदाराला चोर ओळखता येत नाही, म्हणून त्याला सांगायचं, टोपीवाला दिसला की धर.

याच्याही खाली आणखी एक थर होता, आणि तो माझ्या फार ओळखीचा आहे. भाषांतराकडे वळण्याआधी मी काही वर्षं पुण्यात डीटीपी करत होतो. ज्यांनी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांच्याशी संसार केला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एका फाँटात जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की ‘ज्ञानेश्वर’च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांची रांग उभी. युनिकोड आलं आणि बऱ्याच अंशी ती कटकट मिटली. म्यानमारमध्ये ती मिटली नव्हती. तिथल्या बहुतेक मोबाइलवर ‘झॉजी’ नावाचा फाँट होता. तो युनिकोडचेच सांकेतिक क्रमांक वापरी, पण स्वतःच्या मर्जीने, वेगळ्या अक्षरखुणांसाठी. म्हणजे आपल्यासारखी रोमन चिन्हांची रांगही दिसायची नाही. दिसायला बर्मीच, पण काना भलतीकडे, वेलांटी भलतीकडे. युनिकोडवर शिकवलेल्या यंत्राने तो मजकूर वाचला तर त्याला अर्धवट वेड्याची बडबड ऐकू येणार. देशातली बहुतेक माणसं झॉजीत लिहीत होती. अधिकृतपणे देश युनिकोडकडे वळला तो १ ऑक्टोबर २०१९ रोजी. म्हणजे रोहिंग्यांची गावं जळून दोन वर्षं झाल्यावर. ही अडचण काही गुपित नव्हती. यांगूनच्या कुठल्याही छापखान्यातल्या पोऱ्याने ती चहा पिता पिता समजावून सांगितली असती.

पण विचारायला कुणी हवं ना. रॉयटर्सनेच काढलेली माहिती अशी, की २०१५ च्या सुरुवातीला बर्मी भाषेतल्या आक्षेपार्ह पोस्टी तपासण्यासाठी ती भाषा येणारी माणसं होती दोन. त्याआधी हे काम बहुतांशी इंग्रजी बोलणारेच पाहत.

आणि इशारे मिळाले नव्हते असंही नाही. १ जुलै २०१४ ला मंडाले शहरात दंगल पेटली. एका मुसलमान चहावाल्याने बौद्ध मोलकरणीवर बलात्कार केल्याची बातमी फेसबुकवरून फिरली होती. अशीन विराथू या भिक्षूने ती पुढे ढकलली होती. ती बनावट निघाली. तोवर दोन माणसं जिवानिशी गेली होती, एक बौद्ध आणि एक मुसलमान. सरकारने त्या शहरात फेसबुक बंद केलं तेव्हा कुठे हाणामारी ओसरली. पुढच्या वर्षी, मे २०१५ मध्ये, यांगूनमधल्या तंत्रज्ञान केंद्राचा संस्थापक डेव्हिड मॅडन कॅलिफोर्नियात जाऊन फेसबुकच्या मुख्यालयात सांगून आला, की रवांडात १९९४ च्या नरसंहारात लोकांना भडकवण्याचं जे काम रेडिओने केलं ते म्यानमारमध्ये तुमच्या हातून होण्याची वेळ आली आहे. याहून स्पष्ट शब्दांत काय सांगायचं असतं?

मंडाले हे नाव मराठी माणसाच्या कानाला परकं नाही. टिळक तिथल्या तुरुंगातून जून १९१४ मध्ये सुटले, त्या दंगलीच्या बरोबर शंभर वर्षं आधी. ‘केसरी’त छापून आलेल्या अग्रलेखांबद्दल त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. तो कायदा जुलमी होता आणि तो खटला अन्यायाचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सांगायचं आहे ते वेगळंच. छापलेल्या कागदाच्या जगात जबाबदार कोण, हा प्रश्न कधी हवेत लटकलेला नव्हता. कुठल्याही मराठी वर्तमानपत्राचं शेवटचं पान उलटून बघा. तळाशी मुंगीएवढ्या टायपात ओळ असते : हे पत्र मालकांकरिता अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले. ती ओळ राहिली की छापखान्यात बोंब व्हायची. तिच्या शेजारी अनेकदा आणखी एक ओळ : ‘या अंकात प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’ सहमत नसाल हो, पण समन्स तुम्हालाच येणार, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं.

समाजमाध्यमांनी ही दुसरी ओळ घेतली आणि पहिली पुसून टाकली. १९९६ च्या अमेरिकी कायद्यातलं कलम २३० आणि आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ७९, दोन्हींचा सूर हाच, की दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थाला धरू नये. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. पोस्टमन पत्र वाचत नाही. पत्रातल्या शिवीसाठी त्याला कोण धरेल?

पण पोस्टमन सगळी पत्रं आपल्या खोलीत पसरून, जे वाचून गल्लीत सगळ्यात जास्त आरडाओरड होईल ते उचलून, त्याच्या हजार प्रती काढून, न मागता दारोदार टाकत नाही. तसं करू लागला तर त्याला पोस्टमन म्हणायचं का, हा प्रश्न आहे. कलम ७९ च्या पोटात याबद्दलची एक अट आहे आणि ती मला नेहमी गमतीदार वाटते. संरक्षण हवं असेल तर मध्यस्थाने संदेश स्वतः सुरू केलेला नसावा, तो कुणाला जावा हे निवडलेलं नसावं, आणि त्यातला मजकूर निवडलेला वा बदललेला नसावा. आता मोबाइलवरची फीड उघडा आणि सांगा, ती कोण निवडतं? दोन पोटकलमांच्या मध्ये एक ‘किंवा’ आहे, तो पकडून वकील हा मुद्दा वर्षानुवर्षं ताणू शकतील. ते त्यांचं कामच. पण कायदा लिहिणाऱ्याच्या डोक्यात कोणता मध्यस्थ होता हे त्या अटीतून लख्ख दिसतं, आणि तो आजचा मध्यस्थ नव्हे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. रोहिंग्यांचा द्वेष फेसबुकने निर्माण केला का? मुळीच नाही. १९७८ मध्ये लष्करी कारवाईमुळे लाखोंनी पळून गेले तेव्हा झुकरबर्ग जन्मालाही आला नव्हता. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना देशातच परकं करून टाकलं. २०१२ मध्ये रोहिंग्या राहतात त्या राखाईन प्रांतात दंगली झाल्या तेव्हा मोबाइल मूठभरांकडे होते. गावं जाळली ती लष्कराने. हे सगळं खरं आहे, आणि म्हणून मी फेसबुकला खुनी म्हणत नाही. तेव्हाचा लष्करप्रमुख मिन आँग हलाइंगचा गुन्हा कॅलिफोर्नियातल्या कुणाच्या खात्यावर टाकायचं कारण नाही. रवांडाच्या खटल्याशीही हे जुळत नाही. तिथे रेडिओ चालवणाऱ्यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरवलं, कारण त्यांचा हेतूच तो होता. इथे हेतू नव्हता. हलगर्जी होती.

पण हलगर्जी आपल्याला काय नवी आहे? रस्त्यावर उघडी तार लोंबत ठेवून कुणी दगावलं, तर ‘वीज आम्ही पाडली नाही, पाऊस आला’ हे आपण ऐकून घेत नाही. तक्रार दिली होती का, किती दिवस झाले, वायरमन किती होते, हे विचारतो. म्यानमारच्या बाबतीत तिन्हींची उत्तरं उपलब्ध आहेत. तक्रारी होत्या. वर्षं गेली. वायरमन दोन.

शिवाय त्या तारेतून प्रवाह कोण सोडत होतं तेही पुढे बाहेर आलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या ऑक्टोबर २०१८ मधल्या बातमीनुसार लष्कराने या कामाला सातशेपर्यंत माणसं लावली होती. ते सिनेनट्यांची, गायकांची, सौंदर्यस्पर्धांची, विनोदांची पानं चालवत. गर्दी जमली की मग हळूच विष. सप्टेंबर २०१७ मध्ये तर बौद्धांना निरोप गेले की ११ तारखेला मुसलमान हल्ला करणार, आणि मुसलमानांना निरोप गेले की त्याच दिवशी बौद्ध येणार. गावगाड्यातल्या भावकीत कळ लावणारा जे करतो तेच, देशभर.

याच निरोपांबद्दल एप्रिल २०१८ मधल्या एका मुलाखतीत मार्क झुकरबर्गने सांगितलं, की आमच्या यंत्रणांना ते कळलं आणि आम्ही ते थांबवलं. म्यानमारमधल्या सहा संस्थांनी त्याला खुलं पत्र लिहिलं. त्याचा आशय असा : तुमची यंत्रणा म्हणजे आम्हीच. आम्ही ते निरोप पाहिले, आम्ही ईमेल केले, तोवर ते देशभर हजारो वेळा फिरून झाले होते. झुकरबर्गने माफी मागितली. मला या सगळ्या प्रकरणात हे पत्र सर्वांत जिव्हारी लागतं. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीची सुरक्षाव्यवस्था म्हणजे यांगूनमधली काही माणसं. बिनपगारी, कंपनीतल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला मेल पाठवून उत्तराची वाट पाहणारी.

त्यानंतर कंपनी हलली, नाही असं नाही. २७ ऑगस्ट २०१८ रोजी मिन आँग हलाइंगसह २० व्यक्ती आणि संस्थांवर बंदी आली. जी खाती आणि पानं काढली त्यांचे अनुयायी जवळपास एक कोटी वीस लाख होते. बर्मी जाणणारे तपासनीस दोनावरून साठांवर गेले आणि पुढे वाढत राहिले. हिंसा भडकवण्यासाठी आपल्या मंचाचा वापर होऊ नये म्हणून आम्ही पुरेसं केलं नाही, असं नोव्हेंबरमध्ये कंपनीने लेखी मान्यही केलं. पण हे सगळं राजीखुशीचं. राजीखुशीने दिलेलं राजीखुशीने काढूनही घेता येतं. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीने, अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्यपडताळणी गुंडाळत असल्याचं आणि द्वेषाबद्दलचे नियम सैल करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कोणत्याही देशाची परवानगी लागली नाही.

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग सरकारला अधिकार द्या, ते काढायला लावेल. इथे मी लगेच पाय मागे घेतो, आणि त्याचं कारण पालघर आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले. बंद पाळला गेला. एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल दोन-चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्यात कुणाला मारा असं नव्हतं, कुणाला शिवी नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ त्या प्रकरणात लागलं आणि त्यातूनच पुढे श्रेया सिंघल खटला उभा राहिला; २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. म्यानमारमध्येही फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि तीन दिवसांत फेसबुकच बंद पाडलं, कारण आता तिथे लष्कराविरुद्ध बोललं जात होतं. चार वर्षांपूर्वी द्वेष पसरवायला तेच त्यांना सोयीचं होतं. तेव्हा ‘काय काढायचं’ याची किल्ली मंत्रालयात ठेवणं हे रोगापेक्षा जालीम औषध आहे.

म्हणून शब्दांऐवजी वेगाकडे बघावं असं मला वाटतं, आणि याला आधार दुर्दैवाने आपल्याच मातीतला आहे. १ जुलै २०१८. मंडालेच्या दंगलीला त्या दिवशी नेमकी चार वर्षं झाली होती. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मंगळवेढ्याकडची, पोटासाठी फिरत तिथे आलेली. मुलं पळवणारी टोळी आल्याचे निरोप व्हॉट्सॲपवर कित्येक दिवस फिरत होते. त्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोलल्याचं निमित्त झालं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दारात पाहून बायका सूपभर धान्य आणायच्या, ती ही माणसं.

त्या महिन्यात देशभर अशा घटनांवरून गदारोळ उठला. तीन आठवड्यांच्या आत व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि फोटो-चित्रफितींशेजारचं झटपट पुढे पाठवायचं बटण काढून टाकलं. कंपनीच्याच म्हणण्यानुसार मर्यादा आल्यावर पुढे पाठवले जाणारे निरोप जगभरात २५ टक्क्यांनी घटले. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेला निरोप एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं, तर तशा निरोपांत ७० टक्के घट झाली. कुणाचाही निरोप वाचला नाही, कुणाचं तोंड बंद केलं नाही. एक बटण हललं. ते राईनपाड्याच्या आधीही हलवता आलं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही.

तेव्हा कंपनीला विचारायचे प्रश्न तिच्या स्वतःच्या करणीबद्दलचे हवेत. अमक्या माणसाने काय लिहिलं यासाठी त्या माणसावर कायदा आहे. ते न मागता दहा लाख लोकांपुढे कुणी ठेवलं, तक्रार आल्यावर किती तासांनी कुणी वाचली, वाचणाऱ्याला ती भाषा येत होती का, याची उत्तरं कंपनीने द्यायची, आणि ती खोटी किंवा लाजिरवाणी निघाली तर नुकसानभरपाई भरायची. नैरोबीच्या उच्च न्यायालयात असा एक दावा सुरूच आहे. इथियोपियातल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाविरुद्ध फेसबुकवर पोस्टी फिरल्या. तक्रारी करूनही त्या वेळेत हटल्या नाहीत आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये घराबाहेर त्यांची हत्या झाली, असं त्यांच्या मुलाचं म्हणणं आहे. इथियोपियातल्या पोस्टी तपासणाऱ्यांचं केंद्र नैरोबीत होतं. केनियाच्या न्यायालयाला आमच्यावर अधिकार नाही, हा मेटाचा युक्तिवाद एप्रिल २०२५ मध्ये फेटाळला गेला.

आता मराठी. कुणी म्हणेल, आपली भाषा मोठी आहे, आपल्याला काय काळजी. मध्यंतरी आमच्या भागात एका वस्तीवरून तणाव होता. एका मोठ्या समाजमाध्यमावर कुणीतरी लिहिलं : ‘रविवारी सगळ्यांनी या. बऱ्याच दिवसांची पूजा राहिली आहे. सत्यनारायण घालू, भरपेट प्रसाद देऊ, आरती ओवाळूनच परत येऊ.’ खाली वस्तीचं नाव. मराठी येणाऱ्या शेंबड्या पोरालाही यातला प्रसाद कोणता ते कळेल. मी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. पुन्हा केली, पुन्हा तेच. यंत्राने वाचलं असेल तर त्याला धार्मिक कार्यक्रमाचं निमंत्रण दिसलं असणार, आणि माणसाने वाचलं असेल तर त्याचं मराठी ‘नमस्कार, कसे आहात’च्या पुढचं नसणार. रविवारी पोलिसांची गाडी उभी राहिली म्हणून काही झालं नाही. पोस्ट कितीतरी आठवडे तशीच होती.

आपली भाषा अशीच आहे. आम्ही ‘हिशोब चुकता करतो’, ‘पाहुणचार करतो’, ‘हातपाय शेकून काढतो’. द्वेषाची मराठी शिव्यांत फार कमी असते. ती आडनावात असते, गावकुसाच्या उल्लेखात असते, ‘त्यांच्यातले’ या एका शब्दात असते. हे ओळखायला माणूस लागतो, आणि तो मालवण, लातूर, जळगाव, भंडारा या सगळ्यांची बोली कानावरून गेलेला लागतो.

अशी किती माणसं आहेत? युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या मंचांना सक्ती केली आहे, की संघाच्या प्रत्येक अधिकृत भाषेसाठी किती तपासनीस आहेत ते जाहीर करा. म्हणून माल्टी भाषेसाठी किती माणसं नेमली आहेत हे कुणालाही पाहता येतं. माल्टी बोलणारे साधारण पाच लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराइतके. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. आपल्या २०२१ च्या नियमांनुसार कंपन्या दर महिन्याला अहवाल काढतात. किती तक्रारी आल्या, किती मजकूर काढला, हे त्यात असतं. कोणत्या भाषेतला, आणि तो कुणी वाचला, हे सांगायची अट त्यात नाही. मराठी अस्मितेवरून आपण दुकानांच्या पाट्या मोजल्या, कोणत्या अक्षराचा आकार किती यावर मोर्चे काढले. ज्या दुकानात आपण दिवसाचे तीन-तीन तास बसतो, त्याच्या गल्ल्यामागे मराठी समजणारं कुणी आहे का, हे विचारायला कुणी उठलं नाही. अभिजात दर्जा मिळालेल्या भाषेला एवढा एक आकडा मागता येऊ नये?

खर्चाचं रडगाणं आता उरतं. प्रत्येक भाषेत माणसं नेमायची तर परवडत नाही म्हणे. फेसबुकचं २०१७ चं, म्हणजे राखाईन जळत होतं त्या वर्षाचं, उत्पन्न होतं ४० अब्ज डॉलरहून अधिक. एखाद्या भाषेत पुरेशी माणसं नेमणं परवडत नसेल तर त्या भाषेत जाहिराती विकणंही परवडू नये. किंवा तिथे निदान शिफारशींचं यंत्र बंद ठेवा. ज्याला जे पाहायचं ते तो शोधून पाहील, तुम्ही वाढू नका.

कॉक्स बझारच्या छावण्यांतल्या रोहिंग्या तरुणांच्या संघटनांनी २०२० मध्ये कंपनीपुढे एक मागणी ठेवली होती. त्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी दहा लाख डॉलर मागितले. कंपनीचं त्या वर्षीचं उत्पन्न साधारण ८६ अब्ज डॉलर. म्हणजे मागणी होती सहाएक मिनिटांच्या कमाईची. फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर आलं, की फेसबुक थेट परोपकाराच्या कामांत पडत नाही. मागणी नुकसानभरपाईची होती. उत्तर देणाऱ्याला ती देणगीची वाटली.